सेवाग्रामच्या मराठी शाळेतून शिकून परदेशात इंग्रजीचं शिक्षक होता येतं का?

'१२० तासांचा ऑनलाइन कोर्स करा आणि जगात कुठेही इंग्रजी शिकवा.' मोबाइलवर रील्स बघताना अशी जाहिरात एकदा तरी समोर येतेच. मागे समुद्रकिनारा, हातात लॅपटॉप आणि खाली लिहिलेलं असतं, 'अनुभवाची गरज नाही.'

समजा, सेवाग्रामच्या एका तरुणीने ही जाहिरात बघितली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, वर्ध्यातून इंग्रजी विषय घेऊन बीए आणि बोलण्यापुरती चांगली इंग्रजी. तिने पैसे भरले, कोर्स पूर्ण केला, सर्टिफिकेट आलं. मग तिने कोरिया, जपान, चीन, व्हिएतनाम असे अर्ज पाठवायला सुरुवात केली. बहुतेक ठिकाणी तिचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडण्याची शक्यता मोठी आहे. कारण अनेक देशांत सर्टिफिकेटच्या आधी तीन गोष्टी बघितल्या जातात. पासपोर्ट कोणत्या देशाचा, शिक्षणाची पदवी कोणती आणि शाळा कोणत्या माध्यमाची.

जाहिरातीत न सांगितलेले हे नियम नेमके काय आहेत आणि त्यातून वाट कशी निघते, ते समजून घेऊ.

आधी बघू, लोक बाहेर का बघतात?

महाराष्ट्रात शिक्षक भरती 'पवित्र' पोर्टलवरून होते. त्यासाठी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते आणि मग जागा निघण्याची वाट बघावी लागते. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर काढावी लागतात. हे मानधन २०२३ मध्ये वाढलं. प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये महिना. त्याआधी ते ६, ८ आणि ९ हजार होतं. खाजगी विनाअनुदानित शाळांमध्ये तर अनेकदा याहून कमी पगारावर काम करावं लागतं.

अशा वेळी परदेशातल्या पगाराचा आकडा दिसला की तिकडे नजर जाणारच. जाहिराती नेमकं याच गरजेवर बोट ठेवतात.

टेफल, टेसॉल, सेल्टा म्हणजे नेमकं काय?

इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी कसं शिकवायचं, याचं हे प्रशिक्षण. टेफल आणि टेसॉल ही कोण्या एका संस्थेची नावं नाहीत, ती या प्रकारच्या प्रशिक्षणाची सर्वसाधारण नावं आहेत. या कोर्सेसवर देखरेख ठेवणारी जागतिक पातळीवरची एकच सरकारी संस्था नाही. त्यामुळे कोणतीही कंपनी वेबसाइट काढून टेफल सर्टिफिकेट देऊ शकते. १२० तास हा आकडा बाजारात रूढ झाला आहे, पण ते १२० तास कसे भरले हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्ट-टेसॉल हे दोन कोर्स यात वेगळे पडतात. दोन्हींत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवून दाखवावं लागतं आणि प्रशिक्षक त्याचं मूल्यमापन करतात. साध्या ऑनलाइन टेफलमध्ये अनेकदा एकाही विद्यार्थ्याला न शिकवता सर्टिफिकेट मिळतं. म्हणूनच सेल्टाची फी त्याच्या कित्येक पट असते आणि नोकरी देणाऱ्यांच्या नजरेत वजनही जास्त असतं.

पण सेल्टा असला तरी पुढचा प्रश्न सुटत नाही.

पहिली अडचण: पासपोर्ट

दक्षिण कोरियात परदेशी भाषा शिकवणाऱ्यांना 'ई-२' नावाचा व्हिसा लागतो. इंग्रजीसाठी तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. या यादीत भारत नाही.

मात्र भारतासाठी एक वेगळं दार आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. भारत आणि कोरिया यांच्यातला सेपा हा व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात भारतीयांना तिथल्या शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून काम करण्याची तरतूद आहे. अट अशी की, पदवीबरोबर इंग्रजी शिकवण्याची अधिकृत शिक्षक-पात्रता हवी. म्हणजे नुसत्या टेफलवर हे दार उघडत नाही. शिवाय दार असणं आणि आत जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चीनमध्येही सूत्र साधारण तेच. परदेशी भाषा शिकवणाऱ्याने सहसा आपली मातृभाषाच शिकवावी आणि ती भाषा ज्या देशाची, तिथला तो नागरिक असावा, अशी अपेक्षा असते. त्यात जुलै २०२१ मध्ये चीनने खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले. देशाबाहेर बसलेल्या शिक्षकांकडून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवण्या देण्यावरही बंदी आली. घरबसल्या चिनी मुलांना शिकवण्याचा तेव्हाचा मोठा बाजार त्यामुळे बसला. तरीही जुन्या जाहिराती आणि जुने व्हिडिओ आजही फिरताना दिसतात.

दुसरी अडचण: शाळेचं माध्यम

सेवाग्रामच्या तरुणीला खरा धक्का बसतो तो इथे.

जपानच्या शाळांमध्ये परदेशी भाषा शिकवण्यासाठी 'इन्स्ट्रक्टर' प्रकारचा व्हिसा असतो. त्याची एक अट आहे. जी भाषा शिकवायची, त्या भाषेच्या माध्यमातून शिक्षकाने स्वतः किमान १२ वर्षं शिक्षण घेतलेलं असावं. खाजगी संभाषण-शाळांचा व्हिसा वेगळा असतो, पण तिथेही अनेक संस्था हीच अट घालतात.

आता हिशोब करा. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुढे अकरावी-बारावीची २, पदवीची ३ आणि बीएडची २ वर्षं, ही सगळी इंग्रजीतून केली तरी बेरीज ७ होते. १२ चा आकडा गाठता येत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे मराठी माध्यमातला विद्यार्थीही दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकतो. पण 'विषय' म्हणून शिकलेली भाषा 'माध्यम' म्हणून मोजली जात नाही.

आणि हे गाव कोणतं? जिथून मातृभाषेतल्या शिक्षणाचा विचार देशभर गेला, तेच.

गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. पुढच्याच वर्षी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात देशभरातल्या शिक्षणतज्ज्ञांची परिषद झाली. सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, ते मातृभाषेतून आणि हाताच्या कामाभोवती गुंफलेलं, असे तिथे ठराव झाले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रमाचा आराखडा तयार केला. हीच 'नई तालीम'. गांधीजींच्या मांडणीत या शिक्षणाचा दर्जा मॅट्रिकइतका असायचा होता, पण त्यातून इंग्रजी वगळलेलं होतं आणि त्याजागी एक उद्योग शिकवायचा होता.

मूल आपल्या भाषेत शिकलं तर नीट शिकतं, हा विचार आज जगभर मान्य आहे. पण व्हिसाच्या अर्जात तोच विचार उमेदवाराच्या विरोधात जातो. या उमेदवाराला शिकवता येतं की नाही, हे कोणी तपासतच नाही. ती कोणत्या भाषेत शिकली, एवढंच बघितलं जातं.

'नेटिव्ह स्पीकर'च चांगला शिक्षक, हे खरं आहे का?

भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांमध्ये यावर जुना वाद आहे. रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्येच या समजाला भ्रम म्हटलं होतं. टेसॉल या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये मातृभाषेच्या आधारावर शिक्षकांमध्ये भेदभाव करण्याला विरोध करणारी अधिकृत भूमिका जाहीर केली. ज्याने इंग्रजी दुसरी भाषा म्हणून मेहनतीने शिकली, त्याला विद्यार्थी कुठे अडखळतो हे जास्त नेमकं कळतं, असा यामागचा साधा तर्क आहे.

इतिहासातही उदाहरण आहे. १९५० ते १९७० च्या दशकांत इथिओपियाच्या शाळांमध्ये मोठ्या संख्येने भारतीय शिक्षक होते. त्यांना कोणी 'नेटिव्ह स्पीकर' आहात का, असं विचारून घेतलं नव्हतं. पदवी आणि शिकवण्याचा अनुभव बघून घेतलं होतं.

उलट दिशेचा प्रवासही सेवाग्रामने बघितला आहे. इंग्लंडच्या मार्जरी साइक्स १९२८ मध्ये मद्रासच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या. पुढे शांतिनिकेतन आणि मग १९४९ पासून साधारण दहा वर्षं सेवाग्राम. इथे त्या नई तालीमचे शिक्षक घडवत होत्या. केंब्रिजची पदवी आणि शिक्षक-प्रशिक्षण घेऊन एक ब्रिटिश तरुणी भारतात सहज येऊ शकत होती. आज सेवाग्रामहून बाहेर जाणाऱ्या शिक्षिकेला तेवढं सोपं नाही.

मग वाट कुठे आहे?

वाट आहे. पण ती जाहिरातीतल्या क्रमाने जात नाही.

आखाती देश: सीबीएसईशी संलग्न दोनशेहून अधिक शाळा भारताबाहेर आहेत. त्यातल्या बहुतेक आखातात. इथे भारतीय पासपोर्ट अडचण ठरत नाही. इंग्रजीच्या शिक्षकासाठी साधारणपणे पदवी, बीएड आणि दोन-तीन वर्षांचा अनुभव मागितला जातो. टेफल असलं तर बरं, नसलं तरी चालतं.

मालदीव: तिथल्या शाळांमध्ये शिक्षणाचं माध्यम मुख्यतः इंग्रजी आहे आणि भारतीय शिक्षक अनेक वर्षांपासून तिथे काम करत आहेत. इथेही पदवी आणि शिक्षक-पात्रता महत्त्वाची.

थायलंड आणि व्हिएतनाम: टेफलचा सगळ्यात जास्त उपयोग इथे होतो. पदवी आणि सर्टिफिकेटबरोबर 'नेटिव्ह' नसलेल्यांकडून आयेल्ट्स किंवा टोइकसारख्या परीक्षेचा स्कोअर मागतात. जागा मिळू शकते, पण एकाच कामासाठी 'नेटिव्ह' शिक्षकाला जास्त आणि इतरांना कमी पगार, हे तिथे सर्रास दिसतं.

अमेरिका: जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर शिक्षक जाऊ शकतात. त्यासाठी पदवी आणि किमान दोन वर्षांचा शिकवण्याचा अनुभव लागतो.

इंग्लंड: फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतासह नऊ देशांच्या शिक्षकांना तिथला शिक्षक-दर्जा मिळवण्याची सोय झाली. पण ती गणित, विज्ञान आणि परकीय भाषा शिकवणाऱ्यांसाठी होती. इंग्रजीच्या शिक्षकांना त्यात स्थान नव्हतं.

या सगळ्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. पदवी, बीएड, अनुभव. सर्टिफिकेटचा नंबर त्यानंतरचा.

फसवणूक कशी ओळखायची?

कोर्स विकणाऱ्या कंपन्या 'जॉब असिस्टन्स' देतो म्हणतात. अनेकदा त्याचा अर्थ नोकरीच्या वेबसाइट्सची यादी ईमेलवर पाठवणं एवढाच असतो. ती नोकरीची हमी नसते. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारावा: भारतीय पासपोर्टवर आणि मराठी माध्यमाच्या शिक्षणावर या सर्टिफिकेटने कोणत्या देशाचा कामाचा व्हिसा मिळतो? गोलमोल उत्तर आलं तर थांबावं.

एजंटमार्फत जाणार असाल तर १९८३ चा उत्प्रवासन कायदा लक्षात ठेवा. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते. ही नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं.

'आत्ता टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर वर्क परमिट करून देऊ,' असं कोणी म्हटलं तर तो धोक्याचा इशारा समजावा. टुरिस्ट व्हिसावर शिकवणं बहुतेक देशांत बेकायदेशीर आहे. पकडलं गेल्यास दंड आणि हद्दपारी शिक्षकाच्या वाट्याला येते, एजंटच्या नाही. थायलंडमधल्या खोट्या नोकऱ्यांच्या नावाखाली तरुणांना म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलं जात असल्याने परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

वर्ध्याकडे आणखी एक भाषा आहे

इंग्रजीच्या बाजारात 'नेटिव्ह' नसणं ही कमतरता धरली जाते. हिंदीच्या बाबतीत गणित उलटं आहे. वर्ध्यात १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समिती आहे. १९७५ मध्ये नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन झालं. तिथे मांडल्या गेलेल्या कल्पनेतून पुढे १९९७ मध्ये वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय उभं राहिलं. परदेशातले विद्यार्थी हिंदी शिकायला इथे येतात. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद परदेशी विद्यापीठांमध्ये हिंदीचे अध्यापक पाठवते. या जागा थोड्या आहेत आणि त्यासाठी वरच्या पदव्या लागतात. पण परकीयांना भाषा शिकवण्याचा अनुभव घ्यायचा असेल, तर तशी संधी सेवाग्रामपासून काही किलोमीटरवर आहे.

थोडक्यात काय?

कोर्स करू नये, असं नाही. चांगला कोर्स शिकवण्याची पद्धत सुधारतो आणि इथल्या शाळेतही उपयोगी पडतो. पण क्रम बदलायला हवा. आधी देश ठरवा. मग त्या देशाच्या दूतावासाच्या वेबसाइटवर कामाच्या व्हिसाच्या अटी वाचा. मग बीएड आणि अनुभव यांची तयारी करा. कोर्सची फी सगळ्यात शेवटी भरा.

मराठी शाळेत शिकलेली मुलगी इंग्रजी उत्तम शिकवू शकते, यात शंका नाही. तिला अडवतो तो नियम. आणि तो नियम तिला फी भरण्याआधी कळायला हवा, नंतर नाही.