बीजातील बंदोबस्त

वरूड-मोर्शीच्या बागांतील संत्रे पिकू लागले की त्याच्या सालीत फळमाशी अंडी घालते, आणि बाहेरून निर्दोष भासणाऱ्या फळाचा गर अळ्या आतल्या आत फस्त करीत असता बागाईतदाराची फवारणी सालीवरच वाळून जाते. कारण आत दडलेल्या शत्रूपर्यंत ते विष पोहोचतच नाही.

अशा वेळी दृष्टी वळते ती आपल्याच मुलुखातील तूर, हरभरा, चवळी यांच्या दाण्यांकडे. त्यांतील काही प्रथिने किडीच्या आतड्यातील पाचक विकरांना जखडून ठेवतात, आणि पोटभर खाऊनही कीड उपाशी राहते. (आपण डाळ शिजवून खातो, म्हणून बचावतो!) चवळीतील अशा प्रथिनाचे जनुक १९८७ साली तंबाखूत उतरविले गेले; पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने चौधारी घेवड्याच्या बियांतील प्रथिने हिरव्या बोंडअळीवर पारखली.

फळमाशीच्या मादीस अंडी परिपक्व होण्यासाठी प्रथिनयुक्त आहार लागतोच. तेव्हा तिच्या आमिषातच ही प्रथिने मिसळण्याची तजवीज आम्हांस फवारणीपेक्षा सयुक्तिक वाटते. तथापि किडीही काही कमी कावेबाज नसतात. एक विकर जखडले तर दुसरे निर्माण करतात, हे बोंडअळीने दाखविलेच आहे.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने हा प्रश्न संत्र्याच्या बागेत नेऊन तपासावा, अशी आमची विनंती आहे. तोवर बागाईतदारांनी गळालेली फळे वेचून खोल पुरावीत आणि मिथाइल युजेनॉलचे सापळे वेळेवर टांगावेत.