घुमट म्हणजेच इस्लाम?

आमच्या कोकणातल्या गावची जुनी कौलारू मशीद जमातीने पाडली. सागवानी खांब, उतरतं छप्पर, वारा खेळता राहील अशा खिडक्या होत्या. त्या जागी सिमेंटचा हिरवा घुमट आणि दोन मिनार उभे राहिले. मी विरोध केला तेव्हा एक ट्रस्टी म्हणाले, "आता कशी मशीद वाटते!"

वाटते म्हणजे काय? पैगंबरांनी (स.) मदिनेत बांधलेल्या मशिदीला ना घुमट होता ना मिनार. कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या खोडांचे खांब, वर झावळ्या. घुमट आपण बायझंटाइन आणि इराणी कारागिरांकडून घेतला. घुमटाची आया सोफिया ५३७ साली बांधून झाली, तेव्हा पैगंबरांचा जन्मही व्हायचा होता.

मुसलमान जिथे गेला तिथला पाऊस, माती आणि सुतार पाहून त्याने मशीद बांधली. कोळिकोडची मिश्काल मशीद पाहा: लाकडी मजले, एकावर एक उतरती छपरं, घुमट नाही. कोरड्या विजापुरात दगडी गोलघुमट शोभतो. आणि रायगडावर जगदीश्वराच्या देवळाला घुमट आहे, म्हणून ते काही मशीद झालं नाही. शैलीला जानवं किंवा सुंता नसते, हे आपल्याला आणि आपल्या विरोधकांना, दोघांनाही कळत नाही.

गेल्या आषाढात आमचा घुमट गळला. पहिल्या सफेत बादल्या ठेवून नमाज झाली. आता त्यावर पत्र्याचं उतरतं छप्पर घालायचा ठराव झाला आहे. वर्गणी मागायला आले होते.