ओसाड कोण म्हणतो?

अमेरिकेच्या नैऋत्येकडील वाळवंटांतून मोटारीनें फिरून आलेल्या महाराष्ट्रीय गृहस्थांचीं प्रवासवर्णनें आम्हीं बरींच वाचलीं. त्या सर्वांचा सांचा एकच. सकाळीं ग्रँड कॅनियनचा कडा, दुपारीं घोड्याच्या नालासारखें कोलोरॅडो नदीचें वळण, सायंकाळीं मॉन्युमेंट व्हॅलींतील तांबडे सुळके. प्रत्येक ठिकाणीं वीस मिनिटें थांबणें, छायाचित्र घेणें, 'शब्द अपुरे पडतात' असें लिहिणें आणि पुढें चालूं लागणें. शब्द अपुरे पडतात हें आम्हांसही मान्य आहे. परंतु ते निसर्गाच्या भव्यतेमुळें नव्हे, लेखकाच्या अनास्थेमुळें अपुरे पडतात, असा आमचा आरोप आहे.

या वर्णनांत हटकून येणारा एक शब्द आहे, तो म्हणजे 'निर्जन'. गंमत अशी कीं, ज्या लेखांत हा शब्द येतो त्याच लेखांत रस्त्याच्या कडेला मांडलेल्या फळीवरून निळ्या खड्यांची माळ घासाघीस करून विकत घेतल्याची हकीकतही येते. प्रदेश निर्जन, तर माळ विकली कोणीं?

ग्रँड कॅनियनची लांबी ४४६ किलोमीटर आणि खोली दीड किलोमीटरहून अधिक, हें प्रत्येक वर्णनांत असतें. या दरींत व तिच्या कांठच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हवासुपाई लोकांस १८८२ मध्यें सरकारनें ५१८ एकरांत कोंडलें, १९१९ मध्यें दरीचें राष्ट्रीय उद्यान झालें, आणि दीर्घ झगड्यानंतर १९७५ मध्यें सुमारें १,८५,००० एकर भूमि त्यांच्या पदरीं परत पडली, हें कोठेंच नसतें. ज्या जागेस आपला प्रवासी 'निसर्गानें राखून ठेविलेली' म्हणतो, ती माणसें बाजूस सारून रिकामी केलेली आहे.

नदीच्या वळणापाशीं तर आमचे लेखक पाण्याच्या हिरव्या रंगानें अगदीं वेडावून जातात. कोलोरॅडो या स्पॅनिश नांवाचा अर्थच तांबूस. नदी गाळानें तांबडीच वाहत असे. वरच्या अंगास कांहीं मैलांवर ग्लेन कॅनियन धरण आहे. १९६३ मध्यें त्याचीं दारें बंद झालीं; तेव्हांपासून गाळ मागें जलाशयांत बसतो आणि खालीं थंड, निवळ, हिरवें पाणी सुटतें. तो रंग निसर्गाचा नसून इंजिनियरांचा आहे, आणि त्यापायीं एक सबंध दरी, तिच्यांतील प्राचीन वसतिस्थानांसह, पाण्याखालीं गेली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्यें सत्याग्रह झालेल्या महाराष्ट्रांतील लेखकास धरणाच्या पाण्याकडे पाहतांना 'पाचूसारखें' याहून दुसरें कांहीं सुचूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें.

आतां ते तांबडे सुळके. १९३९ च्या 'स्टेजकोच' या चित्रपटापासून ते जगाच्या ओळखीचे झाले. पण भूमि नावाहो लोकांची आहे. १८६४ मध्यें अमेरिकन सैन्यानें हजारों नावाहोंस शेंकडों मैल पायीं चालवीत न्यू मेक्सिकोंतील छावणींत नेलें. १८६८ च्या तहानें ते मायभूमीस परतले. १९४४ ते १९८६ या काळांत याच भूमींतून सुमारें तीन कोटी टन युरेनियमचें खनिज निघालें. टाकून दिलेल्या खाणी पांचशेंहून अधिक आहेत. खाणींत उतरलेल्या मजुरांस धोक्याची कल्पना दिलेली नव्हती, आणि भरपाईचा कायदा आला तो १९९० मध्यें. हजारों घरांत आजही नळ नाहीं. आणि २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं, १८६८ च्या तहान्वयें त्यांस पाणी मिळवून देण्यासाठीं पावलें टाकणें सरकारवर बंधनकारक नाहीं.

यावर कोणी म्हणेल, मनुष्य चार दिवस सौंदर्य पाहावयास गेला, त्याच्या गळ्यांत हें दुःखाचें गाठोडें कशाला? आमचें उत्तर असें कीं, सौंदर्य पाहूं नका असें आम्ही म्हणतच नाहीं. मॉन्युमेंट व्हॅलीचें उद्यान १९५८ पासून नावाहोंचें स्वतःचें आहे. ते पाहुण्यांस बोलावतात, प्रवेशमूल्य घेतात, वाट दाखवितात. पण ज्याच्या दारीं आपण उभे राहिलों त्याची विचारपूसही न करितां अंगणाची तेवढी स्तुति करून परतणें, याला आपल्याकडे रसिकता म्हणत नाहींत. आणि ज्यास तें पाणी हिरवें कां झालें हें ठाऊक आहे, त्यास तें कमी दिसत नाहीं, अधिक दिसतें.

म्हणून पुढच्या प्रवासवर्णनकारास आमचें इतकेंच सांगणें आहे : दोन थांबे कमी करा. माळ घ्याल तेव्हां घासाघीस सोडून त्या बाईस विचारा कीं, घरीं पाणी कोठून आणितां? ती जें सांगेल तें लिहून आणा. मग 'निर्जन' हा शब्द वापरण्याचें धैर्य राहिलें, तर खुशाल वापरा.