सजवलेला पडदा आणि जागी आज्ञावली

संगणकाचा पडदा सजवणाऱ्या रेनमीटर, वॉलपेपर इंजिन यांसारख्या आज्ञावल्या तुमच्यापैकी काहींनी वापरल्या असतील. सजावट झाल्यावरही त्यांचे नाव टास्क मॅनेजरच्या यादीत का दिसत राहते, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण दिसेल ती प्रक्रिया बंद करून टाकावी, हा त्यावरचा उपाय मला मान्य नाही.

कायम चुंबक आणि विद्युतचुंबक आठवा. पहिल्याला टाचणी धरून ठेवण्यासाठी काहीच पुरवावे लागत नाही. दुसऱ्यातील प्रवाह तोडला की टाचणी खाली पडते. पडद्यावर स्थिर चित्र लावणे हा पहिला प्रकार होय. कोणते चित्र लावले याची नोंद विंडोज स्वतःकडे ठेवते. आज्ञावलीचे काम तेथेच संपते. हलते चित्र किंवा तापमान दाखवणारी चौकट हा दुसरा प्रकार. चौकट ही त्या आज्ञावलीचीच निर्मिती असते. आज्ञावली थांबली की विंडोज तिची स्मृती काढून घेते आणि चौकटही नाहीशी होते. टास्कबारचे रूप बदलणाऱ्या आज्ञावलीला तर पहाराच द्यावा लागतो, कारण टास्कबार विंडोज स्वतः पुन्हापुन्हा रंगवत असते.

मात्र जागे राहणे वेगळे आणि राबणे वेगळे. माऊसच्या टिचकीची वाट पाहणाऱ्या प्रक्रियेला विंडोज प्रोसेसरचा वेळ देतच नाही. ती फक्त स्मृतीतील जागा अडवते. याउलट रेनमीटरची चौकट, आपण वेगळे सांगितले नसल्यास, दर १००० मिलिसेकंदांनी, म्हणजे दिवसाला ८६,४०० वेळा अद्ययावत होते. केवळ तास आणि मिनिटे दाखवायची तर १,४४० वेळा पुरे! प्रोसेसरला असे वारंवार उठवल्यास त्याला गाढ विश्रांती मिळत नाही आणि लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते.

हा प्रश्न जुनाच आहे. विंडोज ९५ च्या चाचणी-आवृत्तीतील घड्याळ सेकंद दाखवीत असे. ४ मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रांवर तेवढ्यानेही कामाचा वेग घटू लागला, म्हणून सेकंद काढून टाकण्यात आले. विंडोज ११ मध्ये ती सोय पुन्हा मिळते, पण त्या पर्यायाशेजारीच जादा वीज लागेल अशी सूचना छापलेली आहे. असा प्रामाणिकपणा इतरांनीही दाखवावा.

माझा खरा आक्षेप आहे तो चित्र एकदा लावून झाल्यावरही, केवळ नवी आवृत्ती आली का हे पाहण्यासाठी, ठाण मांडून बसणाऱ्या आज्ञावल्यांवर. त्या कामासाठी विंडोजमध्ये टास्क शेड्युलर आहे. तो ठरल्या वेळी आज्ञावलीला उठवतो आणि काम होताच तिला जाता येते. शिक्षकांनी संगणककक्षात यादीतील नावे मोजण्यापेक्षा, काही न करता दोन मिनिटे थांबून 'सीपीयू' हा स्तंभ विद्यार्थ्यांना पाहू द्यावा. शून्यावर स्थिर असलेल्या प्रक्रिया कोणत्या आणि हलणाऱ्या कोणत्या, हे त्यांनी वहीत टिपावे. हलणाऱ्यांपैकी प्रत्येकीचे पडद्यावर काय बदलते आहे, हेही शेजारी लिहावे.