दुसऱ्या बाजूचा प्रश्न

मूल रडू लागले की त्याच्या जांघेत फुगवटा येतो आणि ते झोपी गेले की तो नाहीसा होतो. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी "वाढत्या वयात जाईल" असा धीर देतात. बेंबीच्या हर्नियाबाबत हे पुष्कळदा खरे ठरते. जांघेच्या हर्नियाबाबत मात्र ठरत नाही. तो पट्टा बांधून बरा होत नाही. शस्त्रक्रिया हाच त्यावरील उपाय होय.

याचे मूळ जन्मापूर्वीचे आहे. गर्भावस्थेत वृषण पोटातून खाली उतरताना पोटाच्या अस्तराची एक नळी सोबत येते. ती पुढे मिटते. न मिटल्यास त्या वाटेने आतडे खाली सरकते. मुलींमध्येही अशी वाट राहू शकते आणि तीतून अंडाशय सरकू शकते. मुलांना मोठ्यांप्रमाणे जाळी बसवावी लागत नाही. ही पिशवी मुळाशी बांधली की काम होते.

खरा पेच संमतिपत्रावर सही करताना पडतो. हर्निया उजवीकडे आहे. मग डावी बाजूही तपासावी काय? इंदापूरहून बारामतीस जायचे म्हणजे सुमारे 50 किलोमीटर, आणि पुणे त्याहून बरेच दूर. दुकान बंद, मुलाला पुन्हा भूल, पुन्हा खर्च. म्हणून "एकदाच काय ते उरकून टाका" असे व्यापारी कुटुंबास वाटणे स्वाभाविक आहे.

वैद्यकशास्त्रानेही एके काळी असाच विचार केला होता. 1955 साली अमेरिकेतील रोथेनबर्ग आणि बार्नेट यांनी बहुसंख्य बालरुग्णांची दुसरी बाजूही उघडी आढळल्याचे मांडले, आणि त्यानंतर दोन्हीकडे छेद घेण्याचा प्रघात रूढ झाला. पुढे मुलांची वर्षानुवर्षे नोंद ठेवल्यावर निराळा हिशेब हाती आला. एका बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या 100 मुलांपैकी सुमारे 7 जणांनाच पुढे दुसरीकडे हर्निया होतो. म्हणजे एकाचा दुसरा हर्निया टाळण्यासाठी सुमारे 14 मुलांना छेद द्यावा लागेल. या छेदात शुक्रवाहिनीला किंवा वृषणाच्या रक्तपुरवठ्याला इजा होण्याचा धोका थोडा असला तरी असतोच. ज्या तेरा जणांना गरज नव्हती, त्यांच्या बाबतीत तो धोका व्यर्थ पत्करला जातो. निष्प्रयोजन हिंसेला श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंड म्हटले आहे. कापण्यापूर्वी प्रयोजन विचारण्याची शिकवण आपल्याला नवी नाही.

दुर्बिणीमुळे मधला मार्ग निघाला. हर्नियाच्या पिशवीतूनच बारीक दुर्बीण आत घालून दुसरी बाजू थोड्या वेळात पाहता येते. त्यासाठी निराळा छेद लागत नाही. संपूर्ण शस्त्रक्रिया दुर्बिणीने होणार असेल, तर दोन्ही बाजू सहज दिसतात. तथापि येथेही सावधपणा हवा. सुमारे 30 ते 40 टक्के मुलांची दुसरी वाट उघडी आढळते, पण हर्निया त्यांतील थोड्यांनाच होतो. उघडी वाट म्हणजे हर्निया नव्हे. म्हणूनच ती दिसताच बंद करावी की वाट पाहावी, याविषयी तज्ज्ञांतही एकमत नाही. अपुऱ्या दिवसांचे बाळ, फार लहान वय, भुलीचा वाढीव धोका, घरापासून रुग्णालयाचे अंतर या बाबी पाहून निर्णय मुलागणिक बदलतो.

म्हणून शस्त्रक्रियेआधीच बालशल्यचिकित्सकांना चार गोष्टी विचाराव्यात. शस्त्रक्रिया छेदाची की दुर्बिणीची? दुसरी बाजू पाहणार काय? उघडी आढळल्यास बंद करणार काय, आणि का? लहान मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेले तज्ज्ञ उपस्थित असतील काय? जे ठरेल ते संमतिपत्रात लिहिलेले आहे ना, हे सहीपूर्वी वाचून पाहावे. मूल भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईवडिलांना घाईने निर्णय घ्यावा लागू नये.

दुसरी बाजू न उघडण्याचे ठरले, तर पुढे तिकडे लक्ष ठेवणे हे घरच्यांचे काम. आंघोळ घालताना आणि मूल रडताना जांघ पाहावी. फुगवटा कडक झाला, आत जाईना, मूल सतत रडू लागले किंवा त्याला उलट्या होऊ लागल्या, तर आतडे अडकल्याची शंका घ्यावी. अशा वेळी दुकान, मुहूर्त, सकाळ यांपैकी कशाचीही वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.