यात्रेला जाताय? आधी न्हाणीघर पाहा!

थंडी पडू लागली की आमच्या दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या रुग्णांबरोबर आणखी एक प्रश्न येऊ लागतो. औषधाची चिठ्ठी खिशात घालता घालता रुग्ण विचारतो, "डॉक्टरसाहेब, तुम्ही त्र्यंबकला जाऊन आलात ना? स्वस्तात बरी खोली कुठे मिळेल?"

भिवंडी हे यंत्रमागाचे गाव. इथे नाना प्रांतांची माणसे पोटासाठी आली आणि येताना आपापले देव घेऊन आली. पद्मानगरातील तेलुगू कुटुंबे तिरुपतीला जातात, मोमीन बांधव अजमेरला जातात, आगरी-कोळी मंडळी एकवीरेला जातात आणि रामनवमीच्या सुमारास साईबाबांच्या पालख्या नाशिक महामार्गाने शिर्डीकडे चालू लागतात. देवस्थान कोणतेही असो, आमच्या माणसाला परवडणारी खोली मात्र सगळीकडे सारखीच असते. अरुंद जिना, दोन खाटा, भिंतीवर टीव्ही आणि कोपऱ्यात खिडकी नसलेले न्हाणीघर. तक्रार केलीच तर सोबतचे वडीलधारे म्हणतात, "खोली काय, रात्रीपुरती पाठ टेकायला! आपण देवाला आलोय की मजा मारायला?"

हे वाक्य मीही पुष्कळ वर्षे बोलत आलो. आज ते खोडून काढण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पौष महिना होता. माझ्या मेहुण्यांनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली करायचे ठरवले. हा विधी तीन दिवसांचा असल्याने मुक्काम करावाच लागतो. त्यातच संत निवृत्तिनाथांची पौष वद्य एकादशीची यात्रा जवळ आलेली, त्यामुळे गावात पाय ठेवायला जागा नव्हती. चार ठिकाणी 'फुल्ल' ऐकल्यावर एका गल्लीतल्या लॉजमध्ये एक मोठी खोली मिळाली. व्यवस्थापकाने अभिमानाने सांगितले, "साहेब, चोवीस तास गरम पाणी!" त्र्यंबकची पौषातली थंडी ज्याने अनुभवली आहे त्यालाच या चार शब्दांची किंमत कळेल. आम्ही खूश झालो. गरम पाणी कशावर तापते, हे पाहायला न्हाणीघरात कोणी डोकावले नाही. मी डॉक्टर असून मीही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारपासून एकामागून एक आंघोळी सुरू झाल्या. आधी भाचा, मग मेहुण्यांची सौ. वहिनी बाहेर आल्या त्या कपाळ धरूनच. "डोके भणभणतेय, मळमळतेय," म्हणाल्या. रात्रीचे जागरण, उपास, प्रवास अशी सगळी कारणे माझ्याकडे तयार होती. "पित्त झाले असेल," असे म्हणून मी पिशवीतली गोळी काढून दिली. भाच्याचेही डोके दुखत होते. त्यालाही तीच गोळी. त्यानंतर आमची सौ. आंघोळीला गेली.

थोड्या वेळाने तांब्याचा आवाज थांबला. नळ चालू होता, पण तांब्या वाजत नव्हता. हाक मारली, उत्तर नाही. दार ठोठावले, उत्तर नाही. मेहुण्यांनी खांदा देऊन कडी तोडली. सौ. भिंतीला टेकून खाली घसरली होती. भिंतीवर गॅसचा गिझर जळत होता आणि बाहेर जाणाऱ्या हवेसाठी वीतभर झरोकाही नव्हता. चादर गुंडाळून आम्ही तिला बाहेरच्या उघड्या गॅलरीत आणले. दोन-तीन मिनिटांनी तिने डोळे उघडले. ती दोन-तीन मिनिटे मी आजवर विसरलेलो नाही.

गावातल्या सरकारी दवाखान्यात नेल्यावर परिचारिकेने तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावले. आकडा आला ९८. मेहुणे म्हणाले, "चला, ऑक्सिजन तर उत्तम आहे!" तेथील तरुण डॉक्टर मात्र त्या आकड्याला भुलला नाही. त्याने लगेच ऑक्सिजनचा मास्क लावला. वहिनी आणि भाचा यांनाही बसवून ऑक्सिजन दिला. दुपारपर्यंत सगळे ठीक झाले. संध्याकाळी मी लॉजच्या व्यवस्थापकाला जाब विचारला, तेव्हा तो अगदी मनापासून म्हणाला, "पण साहेब, गॅसचा वास तर आला नाही ना?"

वाचकहो, सारा घोटाळा या प्रश्नातच आहे. सिलिंडरमधल्या गॅसला वास असतो, कारण गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. पण गिझर जळताना बंद जागेतला प्राणवायू संपत जातो, ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. गाडीतल्या सगळ्या जागा फुकट्या प्रवाशांनी अडवाव्यात आणि तिकीटवाला फलाटावरच राहावा, तसे शरीराचे होते. बोटावरचे साधे यंत्र हा फुकट्या आणि तिकीटवाला यांच्यातला फरक ओळखू शकत नाही. म्हणून ते ९८ दाखवते आणि माणूस गुदमरत असतो.

लक्षणेही फसवी असतात. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, हातापायातले त्राण जाणे. यात्रेत या तक्रारी कोणाला नसतात? पण एक खूण लक्षात ठेवा. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटले, तर ते पित्त नव्हे. ही खूण मला पुस्तकातून पाठ होती. वेळेवर मात्र आठवली नाही. याची लाज वाटते, म्हणूनच ती इथे लिहितो.

असा प्रसंग आलाच तर दार उघडा, गॅस बंद करा आणि माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. कांदा हुंगवण्यात, पाणी पाजण्यात वेळ घालवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शुद्धीवर आलेल्या माणसालाही रुग्णालयात न्या. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच काम साधारण दीड तासात होते. दुर्लक्ष केले तर काही जणांना पुढे कित्येक दिवसांनी विसराळूपणा, चिडचिड, चालण्यातला असमतोल असे त्रास उद्भवतात. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपणाऱ्यांनाही हाच वायू गाठतो.

आता कोणी म्हणेल, "डॉक्टर, स्वस्त खोली घेतली की हे चालायचेच." मला हेच मान्य नाही. जुन्या धर्मशाळा आठवा. अंगणात बंब पेटलेला असायचा, धूर आकाशात जायचा आणि पोरगा बादली आणून दाराशी ठेवायचा. त्या धर्मशाळेचे भाडे आजच्या लॉजच्या मानाने नगण्य होते, पण तिथले गरम पाणी कोणाचा जीव घेत नव्हते. म्हणजे प्रश्न पैशाचा नाही. गिझर न्हाणीघराबाहेर गॅलरीत बसवून आत फक्त पाण्याचा नळ आणायला थोडासा पाइप लागतो. भिंतीवरच्या टीव्हीपेक्षा तो महाग नाही. एका लॉजमालकाला मी हे बोललो, तर त्याने मला निरुत्तर केले. "डॉक्टर, गिऱ्हाईक टीव्ही आहे का विचारते. खिडकी आहे का, असे आजवर एकानेही विचारले नाही."

इंग्रज सरकारने १८६७ साली सरायांबाबत एक कायदा केला होता. सराईत संसर्गजन्य रोगाने कोणी आजारी पडले तर लगेच पोलीस ठाण्याला कळवावे, खोल्या, ओसऱ्या आणि गटारे साफ ठेवावीत, ज्या विहिरीचे वा हौदाचे पाणी उतारू पितात तेही स्वच्छ राखावे, असे त्यात सराईवाल्यावर बंधन होते. परक्या सरकारला दीडशे वर्षांपूर्वी जे सुचले, ते आपल्याला का सुचू नये? आज लॉजमध्ये शिरताच आपले नाव, गाव, आधार कार्ड, कुठून आलात, कुठे जाणार, सगळे लिहून घेतात. पाण्याची टाकी कधी धुतली, याची नोंद मात्र त्या वहीत नसते. पाहुण्याची चौकशी होते, तशी खोलीचीही व्हायला हवी.

२००३ आणि २०१५ नंतर आता २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा नाशिक-त्र्यंबकेश्वरला आहे. घाट, रस्ते, पूल यांवर मोठा खर्च होतो आणि तो व्हावाच. पण यात्रेकरू घाटावर तासभर असतो आणि खोलीत रात्रभर. नगरपरिषदेच्या माणसाने प्रत्येक लॉजच्या न्हाणीघरात एकदा डोकावावे, खिडकीविना गिझर असेल तर तो बाहेर काढेपर्यंत ती खोली भाड्याने देऊ नये, एवढी माझी मागणी आहे. याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

गॅसइतकी तातडी नसलेले, पण घरी येऊन छळणारे दोन पाहुणे आणखी आहेत. पहिला पाण्यातला. गच्चीवरच्या उघड्या टाकीतले पाणी आपण पीत नाही, पण त्याच पाण्याने चूळ भरतो. काविळीचे विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण महिनाभराने, कधी दीड-दोन महिन्यांनी डोळे पिवळे होतात. तोवर यात्रा विसरलेली असते आणि दोष कोपऱ्यावरच्या भेळवाल्याला जातो. गरोदर स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, 'ई' प्रकारची कावीळ प्राणघातक ठरू शकते. घरात गरोदर सून असेल तर तिची यात्रा पुढे ढकला. देव रागावणार नाही.

दुसरा पाहुणा अंथरुणातला. खरजेचा किडा आधीच्या उतारूने अंथरुणात सोडलेला असू शकतो. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात. मग एकाला मलम लावून भागत नाही, घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावावे लागते. यावर उपाय सोपा आहे. घरून दोन धुतलेल्या चादरी न्याव्यात. ज्या गावात रात्रंदिवस कापड विणले जाते, त्या गावच्या माणसाने परक्याच्या मळक्या चादरीवर झोपावे, यासारखी गंमत नाही!

खोलीचे पैसे देण्यापूर्वी फक्त पाच मिनिटे काढा. न्हाणीघरात जा. गॅसचा गिझर आत असेल आणि झरोका नसेल, तर बादलीने पाणी मागा किंवा दुसरी खोली पाहा. नाइलाज असेल तर आधी बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडे ठेवून हवा बदलू द्या आणि मगच आंघोळीला जा. आत कडी लावू नका, बाहेर कोणी तरी बसा आणि मधूनमधून हाक मारा. गिझर विजेचा असेल तर आंघोळीपूर्वी बटण बंद करा. पिण्याला आणि दात घासायला उकळलेले पाणी किंवा सीलबंद बाटली वापरा. म्हाताऱ्यांना तळमजल्याची खोली घ्या आणि त्यांच्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या मुक्कामापेक्षा दोन दिवसांच्या जास्त ठेवा.

शेवटी एक गोष्ट. आपण पाहुणेच नाही, यजमानही आहोत. वज्रेश्वरी आपल्याच तालुक्यात आहे. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी बांधवून घेतलेले ते देऊळ, शेजारची अकलोलीची गरम पाण्याची कुंडे, गणेशपुरी, इथे दूरदूरची माणसे मुक्कामाला येतात. तिथल्या आपल्या लॉजमालकांपैकी काही जण हे सदर वाचतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनी आज संध्याकाळी आपल्या खोल्यांच्या न्हाणीघरांतून एक फेरी मारावी. झरोका नसेल तर गवंड्याला निरोप धाडावा.

आमची सौ. आजही देवदर्शनाला हौसेने येते. लॉजवर पोहोचल्यावर सामान खाली ठेवण्याआधी ती न्हाणीघराचे दार उघडून वर पाहते आणि मगच म्हणते, "घ्या खोली." तुमच्या घरातही हे काम आजच कोणावर तरी सोपवून ठेवा.