सिग्दला पंचांगात जागा द्यायची तर

योम किप्पूरनंतर पन्नासाव्या दिवशी, हिब्रू पंचांगातल्या हेश्वान महिन्याच्या २९ तारखेला, इथिओपियाचे ज्यू म्हणजे बेता इस्रायल ‘सिग्द’ पाळतात. गोंदार भागातल्या अंबोबेरसारख्या गावांत त्या दिवशी माणसं धुतलेले पांढरे कपडे घालून, उपाशीपोटी डोंगर चढत. रंगीत छत्र्यांखाली ‘केस’ म्हणजे त्यांचे धर्मगुरू चालत, त्यांच्यासोबत गीझ भाषेतला हस्तलिखित ‘ओरित’ म्हणजे धर्मग्रंथ असे. माथ्यावर सिनाय पर्वतावरच्या कराराचं आणि नहेम्याच्या ग्रंथाचं वाचन होई, पापांची कबुली दिली जाई, जेरुसलेमला परतण्याची प्रार्थना होई. दुपारनंतर उपास सुटे आणि खाली उतरून जेवण, गाणी, नाच. हा समाज १९८४-८५ आणि १९९१ मधल्या विमानमोहिमांतून मोठ्या संख्येने इस्रायलला आला. दुसऱ्या मोहिमेत सुमारे ३६ तासांत चौदा हजारांहून अधिक माणसं आणली गेली. इस्रायलच्या संसदेने २००८ मध्ये कायदा करून सिग्दला राष्ट्रीय सणाचा दर्जा दिला. आता अमेरिकेतली काही सिनेगॉगंही तो साजरा करू लागली आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या सभासदांत एकही इथिओपियन कुटुंब नसतं. तरीही त्यांनी तो साजरा करावा, असं माझं ठाम मत आहे. ते एका जुन्या आणि न फेडलेल्या देण्याचा हप्ता म्हणून करावं.

हे देणं समजायला मराठी वाचकाला फार लांब जावं लागत नाही. कोकणातल्या बेने इस्रायलांना, आपल्या शनिवार तेल्यांना, हनुका हा सण पूर्वी ठाऊक नव्हता. बेता इस्रायललाही नव्हता. बाकीच्या ज्यू जगाशी संबंध जुळल्यावर दोन्ही समाजांनी तो स्वीकारला, प्रार्थनांचे क्रम बदलले, दूरच्या धर्मपीठांचे नियम मान्य केले. एवढं करूनही त्यांच्या ज्यू असण्याचीच चौकशी झाली. बेने इस्रायलांच्या विवाहांवर रब्बींनी घेतलेले आक्षेप १९६४ मध्ये संसदेला ठराव करून खोडावे लागले. बेता इस्रायलच्या बाबतीत ओवादिया योसेफ यांच्यासारख्या प्रमुख रब्बींनी १९७३ मध्ये मान्यता दिलेली असतानाही पुढे धर्मांतरासारख्या शुद्धिविधीची अट घातली गेली आणि १९८५ मध्ये त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन झालं. शिकवणारे एका बाजूला आणि शिकणारे दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालली. दूरदेशीच्या एखाद्या समाजाने सिग्द शिकून घेणं म्हणजे या वाटणीतली आपली बाजू बदलून पाहणं.

यावर पहिला आक्षेप परंपरानिष्ठांचा आहे. रब्बींच्या परंपरेत नसलेला सण पंचांगात घुसवायचा कशाला? पण ते पंचांग कधीच बंद पेटी नव्हतं. तू बिश्वात घ्या. मिश्ना या प्राचीन धर्मनियमांच्या संग्रहात ती झाडांच्या फळांचा दशांश मोजण्यासाठी ठरवलेली वर्षारंभाची तारीख आहे, म्हणजे जवळजवळ महसुली बाब. फळं खाऊन आशीर्वाद म्हणण्याचा तिचा विस्तृत विधी साफेदच्या गूढवादी परंपरेतून फार नंतर आला. कोकणात तर त्याच दिवसाने वेगळंच रूप घेतलं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया प्रेषित येऊन गेले, या श्रद्धेने बेने इस्रायल तिथे जातात आणि पोहे, गूळ, खोबरं, फळांचा मलिदा करतात. एकाच तारखेवर पॅलेस्टाइनचा बहर, साफेदचं चिंतन आणि कोकणचे पोहे येऊन बसले, तरी तारीख मोडली नाही. मग हेश्वानच्या अखेरीस आणखी एका दिवसाला जागा मिळाली, तर परंपरेचं नुकसान नेमकं कुठे होतं?

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करणारा वाटतो. जेरुसलेमला पोहोचलेल्यांनी जेरुसलेमसाठी उपास का करावा, आणि न्यूयॉर्कमध्ये सुखाने राहणाऱ्यांनी तर मुळीच का? याचं उत्तर सिग्दच्या वाचनातच आहे. नहेम्याच्या ग्रंथात उपास करून, गोणपाट नेसून जमलेले लोक बाबेलच्या बंदिवासातून परतलेले आहेत, ते जेरुसलेममध्येच उभे आहेत. शहर मिळालं, पण करार पुन्हा बांधायचा राहिला, हे त्यांचं दुःख आहे. सुदानमार्गे येताना वाटेत सुमारे चार हजार माणसं गमावलेल्या आणि आल्यावर पुन्हा दारात अडवल्या गेलेल्या समाजाला हे वाचन नुसतं लागू पडत नाही, ते त्यांच्याच आयुष्याचं वर्णन वाटतं. म्हणूनच आजही ते जेरुसलेमच्या उंच भागावर, आर्मोन हनात्सीवच्या विहारपथावर हजारोंनी जमतात. अमेरिकेतल्या ज्यूंनाही, आपल्या समाजात कोणाला दाराबाहेर ठेवलं आहे, याची कबुली देण्यासाठी याहून चांगला दिवस सापडणार नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी टाळत नाही. दुसऱ्याचा सण घेतला की बहुधा त्यातलं खाणं तेवढं घेतलं जातं. मोरोक्कोच्या ज्यूंच्या मिमूनाचं इस्रायलमध्ये हेच झालं. वल्हांडणानंतर शेजाऱ्यांसाठी घर उघडं ठेवण्याची ही रात्र पुढाऱ्यांच्या गोड मुफलेता खातानाच्या छायाचित्रांची रात्र झाली. सिग्दचंही इंजेरा आणि ढोलांच्या सायंकाळीत रूपांतर व्हायला वेळ लागणार नाही. त्यामुळे अटी हव्यात, आणि त्या कडक हव्यात. दुपारपर्यंतचा उपास ठेवावा. नहेम्याचा नववा अध्याय पूर्ण वाचावा. जिथे शक्य असेल तिथे एखाद्या केसला बोलवावं आणि गीझमधली प्रार्थना त्यांच्याच तोंडून ऐकावी. त्यांना पाहुणा कलाकार म्हणून रंगमंचावर उभं न करता त्या दिवसाचं नेतृत्व त्यांच्याकडे सोपवावं, योग्य मानधन द्यावं. इस्रायलमध्ये विवाह लावण्यासारख्या बाबतींत केसांचा अधिकार रब्बींच्या यंत्रणेने आजवर आखडताच ठेवला आहे. दूरदेशीच्या सिनेगॉगांवर त्या यंत्रणेचं बंधन नाही. तिथले रब्बी त्या एका दिवशी व्यासपीठावरून खाली उतरून श्रोत्यांत बसू शकतात. ते बसणार नसतील, तर सिग्दचं निमंत्रण छापण्याची घाई त्यांनी करू नये.